वॅट बघून मिक्सर घेतला, पण अडलो पात्यावर: सात महिन्यांचा अनुभव

चिंचवडच्या आसपास जिप्सम प्लास्टरची छोटी कामं घेतो, बहुतेक फ्लॅटच्या आतल्या भिंती. आधी ड्रिल मशीनला दांडा लावून माल कालवायचो. त्यात दोन ड्रिल जाळले. भोक पाडायचं मशीन घट्ट मालात फिरवत बसलं तर दुसरं काय होणार? शिवाय दांडा पकडणारा चक ढिला पडून दांडा टबातच राहायचा.

मग १४०० वॅटचं, दोन गिअरचं, दोन्ही हातांनी धरायचं मिक्सर मशीन आणलं. साडेसात हजार गेले. दुकानात मी वॅट सोडून काही विचारलंच नाही. बॉक्समधलं पातं रंगाचं निघालं, म्हणजे माल वरून खाली ढकलणारं. पातळ रंगाला ते बरोबर, शिंतोडे उडत नाहीत. जिप्सम मात्र वरून लोण्यासारखं दिसायचं आणि तळाशी थापी घातली की कोरडी पावडर. भिंतीवर पट्टी ओढताना गुठळी अडकायची आणि हातभर ओरखडा उठायचा. पंधरा दिवस मी बिगाऱ्यावरच ओरडत होतो. शेवटी मिस्त्री म्हणाले, "शेठ, पोराला कशाला बोलताय? मशीन बघा ना कसं वर उसळतंय, पातंच उलटं आहे."

खरं होतं त्यांचं. माल खाली ढकलणारं पातं मशीनला वर रेटतं. तळातून माल वर उचलणारं पातं लावलं की मशीन आपोआप टबात ओढलं जातं, पावडर तळाला राहत नाही. फक्त सुरू करताना हात घट्ट हवा आणि टबाला पायाचा टेकू हवा, नाहीतर टबच फिरतो. माझ्या नडगीवर त्याची खूण आहे.

आता १२० मिमीचं पातं वापरतो. १४० चंही लावून पाहिलं, पण घट्ट मालात मोटर कण्हायला लागली आणि जळका वास आला. पातं वेगळं घेणार असाल तर आटे जुळतात का ते दुकानातच लावून बघा. माझ्या मशीनला एम-१४ चे, म्हणजे १४ मिमीचे लागतात.

माल नेहमी पहिल्या गिअरवर. दुसऱ्यावर काम पटकन उरकतं, पण हवा शिरते आणि भिंतीवर बारीक फोड दिसतात. फार वेळ घोटलं तर मालही लवकर बसतो, म्हणजे घट्ट होतो. आधी पाणी, मग पावडर, हा क्रम मोडायचा नाही. २५ किलोच्या पिशवीला आम्हाला १५-१६ लिटर पाणी लागतं, म्हणजे रंगाच्या २० लिटरच्या बादलीत पूर्ण पिशवी मावतच नाही. मोठा टब घ्या, नाहीतर अर्धी पिशवी कालवा.

धुण्याचा कंटाळा मात्र महागात पडतो. टबाला किंवा पात्याला जुना बसलेला माल चिकटून राहिला तर नवा माल त्याच्यामुळे लवकर धरतो. एकदा घाईत टब न धुता दुसरी पिशवी कालवली आणि अर्धी भिंत होईपर्यंत घमेल्यातला माल दगड झाला. आता शेजारी पाण्याची बादली ठेवतो, माल काढला की पातं त्यात अर्धा मिनिट फिरवायचं.

तक्रारी आहेतच. पाचव्या महिन्यात स्विच अडकायला लागला. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी "आत धूळ गेलीये" म्हणत वॉरंटी नाकारली. अहो, प्लास्टरच्या मशीनमध्ये धूळ जाणार नाही तर काय अत्तर जाणार? स्विच आणि मोटरचे कार्बन ब्रश पदरच्या पैशाने बदलले. तेव्हापासून रोज संध्याकाळी ब्लोअर मारतो. लांब, बारीक वायरवर मशीन दम टाकतं, म्हणून अडीच एमएमची वायर करून घेतली. दांडा थोडा आखूड आहे, माझ्यासारख्या उंच माणसाची कंबर धरते.

सिमेंट-वाळूचा माल यात होतो का, असं बरेच जण विचारतात. बाथरूममधला एखादा पॅच असेल तर होतो. अख्ख्या खोलीचा गिलावा असेल तर फिरत्या ड्रमचा मिक्सर भाड्याने आणा, याच्या नादी लागू नका.