दोन इंची ब्लूटूथ पावती प्रिंटर: मशीन दणकट, पण सोबतचं सॉफ्टवेअर अँड्रॉइड १३ वरच अडकलेलं

पहिलेच सांगतो, मशीनला साडेचार स्टार आणि मशीनसोबत कंपनी जी लायब्ररी, म्हणजे दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरमधून प्रिंटर चालवायचा तयार कोड, देते तिला एक. दोन्हीची बेरीज करून सरासरी काढायची माझी इच्छा नाही, कारण ज्याला नुसतं कंपनीच्याच अ‍ॅपवरून बिल काढायचं आहे त्याला काही त्रास होणार नाही, आणि ज्याला आपलं स्वतःचं अ‍ॅप या मशीनला जोडायचं आहे त्यानं घ्यायच्या आधी हे पूर्ण वाचावं.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात राहतो आणि इकडच्या शेतकरी कंपन्या अन् गावातले खरेदीदार यांच्यासाठी वजन पावतीचं अ‍ॅप बनवतो. काट्यावर पोतं चढलं, वजन टाकलं, ओलावा टाकला, कास्तकाराचं नाव टाकलं की खिशातल्या छोट्या प्रिंटरमधून पावती निघते, एवढंच काम. प्रिंटरच्या कंपनीचं नाव टाकत नाही, हेच मशीन वेगवेगळ्या स्टिकरखाली विकल्या जाते आणि आत माल तोच राहते.

मशीनबद्दल तक्रार नाही. ५८ एमएमचा रोल, एकदा चार्ज केलं की दिवसभराची खरेदी निघून जाते, काट्यापासून टेबलापर्यंत रेंज आरामात मिळते. कापसाच्या सीझनमध्ये रुईचे तंतू रोलरमध्ये अडकतात, पण झाकण उघडून कोरड्या ब्रशनं साफ केलं की पुन्हा चालू. धुळीत पडलं, पोत्याखाली दबलं, तरी चाललं. पावती थर्मल कागदाची असल्यानं उन्हात ठेवली की काळी पडते आणि खिशात घामानं पुसट होते, ते या मशीनचं नाही सगळ्याच थर्मलचं आहे, म्हणून मी कास्तकारांना सांगत असतो की पैसे खात्यात येईपर्यंत पावतीचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

ही पावती साधी गोष्ट नाही. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल होता, म्हणजे वजनात पाच किलोची गफलत झाली की २६६ रुपये गेले, आणि ओलाव्याची कटनी, म्हणजे कपात, किती लावली यावरून तर रोज भांडणं होतात. छापलेल्या पावतीवर वजन, ओलावा, कटनी, वेळ सगळं एका जागी असलं की माणूस घरी जाऊन पोराला दाखवू शकतो, दुसऱ्या दिवशी येऊन विचारू शकतो. म्हणून ती निघाली नाही तर मला झोप लागत नाही.

आता लायब्ररीचं. मशीन घेतलं की कंपनी एक लिंक पाठवते, त्यात एक झिप फाइल, झिपमध्ये एक जार आणि दोन-तीन डॉट एसओ अशा तयार, बंद फाइली, सोर्स कोड म्हणजे बदलता येईल असा मूळ कोड नाही. ती आपल्या अ‍ॅपमध्ये टाकायची आणि तिच्या फंक्शननं प्रिंट काढायची. मी घेतलं तेव्हा मस्त चाललं. मग २०२२ मध्ये प्ले स्टोअरवर अपडेट टाकायचं तर टार्गेट, म्हणजे ज्या अँड्रॉइडच्या नियमांनी चालायचं ते, अँड्रॉइड १२ (डेव्हलपरच्या भाषेत एपीआय ३१) करणं आवश्यक झालं आणि ते केल्याबरोबर अ‍ॅप उघडताच बंद. लॉग, म्हणजे बंद का पडलं त्याची नोंद, पाहिला तर चूक लायब्ररीच्या आतमध्ये. या मशीनला यूएसबीनंही जोडता येतं, त्यासाठी लायब्ररी सुरू होतानाच यूएसबीची परवानगी मागायला एक पेंडिंग इंटेंट, म्हणजे सिस्टीमनं नंतर वापरायची विनंती, बनवते, आणि अँड्रॉइड १२ पासून पेंडिंग इंटेंट बदलता येणारा की न बदलता येणारा हे स्पष्ट सांगणारा फ्लॅग द्यावाच लागतो, नाही दिला की सरळ क्रॅश. आमच्या एकाही केंद्रावर यूएसबी वापरत नाहीत! पण तो कोड चालतोच, आणि कुलूपबंद फाइलीत असल्यानं मला हात लावता येत नाही. कंपनीच्या मागं लागलो, फोन, मेल, व्हॉट्सअ‍ॅप, आणि बऱ्याच उशिरानं नवी जार आली. आली तेव्हा मी त्यांचे मनापासून आभार मानले होते.

दोन वर्षांनी तीच जागा पुन्हा फुटली. अँड्रॉइड १४ म्हणजे एपीआय ३४ टार्गेट केलं की रिसीव्हर, म्हणजे मोबाईलमधले संदेश ऐकणारा कोड, रजिस्टर करताना तो बाहेरच्या अ‍ॅपसाठी खुला आहे की नाही हे सांगावं लागतं, आणि लायब्ररी त्याच यूएसबीच्या परवानगीचं उत्तर ऐकायला स्वतःचा एक रिसीव्हर लावते, फ्लॅग न देता. पुन्हा सिक्युरिटी एक्सेप्शन, पुन्हा उघडताच बंद. प्ले स्टोअरवर अपडेटला हे टार्गेट आवश्यक व्हायची तारीख होती ३१ ऑगस्ट २०२४. मी कंपनीला लॉग पाठवला, कोणत्या ओळीत काय घालायचं तेही लिहून पाठवलं, एका ओळीचा बदल आहे, ज्याच्याकडं सोर्स आहे त्याला चहा प्यायच्या आत होऊन जाईल. सपोर्टवाल्याचं उत्तर आलं, "सर जुनंच वर्जन वापरा, ते चालते." जुनं चालते हे खरं आहे, ज्याच्या मोबाईलमध्ये अ‍ॅप आधीच आहे त्याचं चालते, पण मला नवीन अपडेट टाकताच येत नव्हतं. त्या सीझनमध्ये केंद्रांनी कटनीचा हिशोब बदलून मागितला आणि मी तो तयार करूनही प्लेवर चढवू शकलो नाही, एकेका माणसाला फाइल पाठवून इन्स्टॉल करायला लावली, आणि मोबाईल दर वेळी अनोळखी अ‍ॅपची वॉर्निंग दाखवे, मग तो माणूस मला फोन करे की हे सुरक्षित आहे ना.

खरा फटका २०२५ च्या सोयाबीनला बसला. प्लेचा नियम असा की अ‍ॅप फारच जुन्या टार्गेटवर असलं तर नव्या अँड्रॉइडच्या मोबाईलवर नव्या माणसाला ते दिसतच नाही, आणि ३१ ऑगस्ट २०२५ पासून ती हद्द अँड्रॉइड १४ ची झाली. माझं अ‍ॅप लायब्ररीपायी १३ वर अडकलेलं. दिवाळीच्या आसपास एका केंद्रानं मापाऱ्यांना नवे मोबाईल घेऊन दिले, सगळे अँड्रॉइड १५ चे, आणि सकाळीच फोन, "भाऊ, तुमचं अ‍ॅप दुकानात दिसूनच नाई राह्यलं." मी गाडी काढून गेलो. बाहेर ट्रॅक्टर, छोटे हत्ती, दोन बैलबंड्या, काट्यावर हमाल पोते चढवून राहिले आणि मापारी कार्बन घातलेल्या पॅडवर पेनानं पावत्या लिहून राहिला. पुढं एक म्हातारे कास्तकार उभे होते, त्यांनी हातानं लिहिलेली पावती घेतली, उलटीसुलटी करून पाहिली आणि परत टेबलावर ठेवली. म्हणे, "मशीनची दे ना बाप्पा, मांगच्या साली मशीनची देली होती." मापाऱ्यानं सांगितलं की मशीन बंद आहे. ते काही बोलले नाहीत, पण पावती उचललीही नाही, तिथंच उभे राहिले, मागची लाईन थांबली. मी बाजूच्या टेबलावर फाइल टाकून अ‍ॅप चालू केलं आणि त्यांची पावती पहिली काढून दिली. मशीन बंद नव्हतंच, मशीन तिथंच चार्ज होऊन पडलेलं होतं, हेच मला खूप लागलं.

त्यानंतर मी ठरवलं की सरळ अँड्रॉइड १५, म्हणजे एपीआय ३५ वर जायचं, आणि तिथं तिसरी अडचण. १ नोव्हेंबर २०२५ पासून अँड्रॉइड १५ किंवा पुढचं टार्गेट असलेल्या अ‍ॅपला प्लेवर १६ केबी पेज साइझचा सपोर्ट आवश्यक झाला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मोबाईल मेमरी तुकड्या-तुकड्यात वाटतो, आतापर्यंत हा तुकडा ४ केबीचा होता, आता १६ केबीचा चालणारे मोबाईल येत आहेत, आणि सी किंवा सी प्लस प्लसमध्ये बनवलेल्या डॉट एसओ फाइली त्या मापाच्या नसल्या तर तिथं चालणार नाहीत. ज्यांचं अ‍ॅप निव्वळ कोटलिन किंवा जावात आहे त्यांना याचं काहीच टेन्शन नाही. ज्याच्याकडं सोर्स आहे त्याचंही काम थोडंच आहे, एनडीके आर २८ या गूगलच्या साधनानं फाइल पुन्हा बनवली, म्हणजे बिल्ड केली की फाइल आपोआप १६ केबीची होते. माझ्याकडं सोर्स नाही. कंपनीला पुन्हा मेल, आणि यावेळचं उत्तर असं की नवी लायब्ररी फक्त नव्या मॉडेलला मिळेल, तुम्ही नवं मॉडेल घ्या. चालू स्थितीतले, बॅटरी चांगली असलेले प्रिंटर कपाटात टाकून केंद्रांनी पुन्हा पैसे घालायचे, एवढ्यासाठी की कंपनीला एक बिल्ड काढायचं नाही. हे मला बिल्कुल पटलं नाही आणि आजही पटत नाही.

आपल्यासारखे डेव्हलपर लोक इथं अँड्रॉइडला शिव्या देतात. मी देत नाही. दरवर्षी टार्गेट वाढवायला लावतात त्यानं आमचं काम वाढते हे खरं आहे, आणि ३१ ऑगस्ट म्हणजे पोळ्याच्या मागंपुढं, १ नोव्हेंबर म्हणजे ऐन सोयाबीनच्या गर्दीत, या तारखा आपल्याकडच्या खरेदीवाल्याला फारच अडचणीच्या आहेत. पण बदलामागं कारण असते. अँड्रॉइड ११ पर्यंत ब्लूटूथ प्रिंटर शोधायला लोकेशनची परवानगी लागायची आणि कास्तकार-मापारी विचारायचे की पावतीसाठी माझी जागा कशाला पाहिजे, त्याचं धड उत्तर नव्हतं. अँड्रॉइड १२ मध्ये "जवळपासची डिव्हाइस" अशी वेगळी परवानगी आली आणि तो प्रश्नच मिटला. १६ केबीबद्दलही गूगलनं दिलेले आकडे आहेत, मेमरी कमी असताना अ‍ॅप उघडायचा वेळ सरासरी ३.१६ टक्क्यांनी कमी, काही अ‍ॅपमध्ये ३० टक्क्यांपर्यंत. आणि नोव्हेंबरची तारीख त्यांनी मे २०२५ मध्येच सांगितली होती. म्हणजे प्रिंटरवाल्याकडं पूर्ण पेरणी ते कापणी एवढा वेळ होता. ज्यानं मशीन विकून पैसे घेतले त्यानं तेवढ्या वेळात एक फाइल नवी करून देणं, एवढीच माझी मागणी होती.

शेवटी मी लायब्ररी काढूनच टाकली. आणि ज्यांना वाटते की कंपनीच्या लायब्ररीशिवाय प्रिंटर चालणार नाही त्यांच्यासाठी सांगतो, चालतो. हे प्रिंटर ईएससी-पीओएस नावाच्या कमांड समजतात, ब्लूटूथचं साधं सीरियल कनेक्शन उघडायचं आणि बाइट पाठवायचे. मराठीची अडचण येते, कारण स्वस्त प्रिंटरमध्ये देवनागरी अक्षरंच नसतात, मजकूर तसाच पाठवला की प्रश्नचिन्हं नाहीतर कचरा छापल्या जातो. म्हणून पावती मोबाईलमध्येच चित्र म्हणून काढायची. या मशीनच्या एका ओळीत ३८४ ठिपके बसतात, तर ३८४ पिक्सेल रुंदीचा बिटमॅप घ्यायचा, अँड्रॉइडकडूनच त्यावर अक्षरं काढून घ्यायची म्हणजे जोडाक्षरं बरोबर येतात, मग प्रत्येक ठिपका काळा की पांढरा एवढं ठरवून एका ओळीचे ४८ बाइट असे पाठवत जायचे. एकदम सगळं ढकलू नका, प्रिंटरची मेमरी लहान राहते, भरली की पावतीच्या मधातून अक्षरं फाटतात. थोड्या-थोड्या ओळी पाठवून मधात जरासं थांबलं की "कृष्णराव" आणि "ज्ञानेश्वर" दोन्ही नावं स्वच्छ येतात. लायब्ररीत जे होतं त्यातलं आम्हाला लागणारं काम एवढंच होतं, आणि आता त्यात एकही डॉट एसओ फाइल नाही.

एपीआय ३५ चा दुसरा बदल म्हणजे स्क्रीन वरून-खालून पूर्ण पसरते, खालचं "पावती काढा" बटण मोबाईलच्या तीन बटणांच्या पट्टीखाली गेलं होतं, मापारी दाबायचा पावतीसाठी आणि अ‍ॅप होमला जायचं. ते माझं काम, इनसेट, म्हणजे कडेला सोडायची जागा, लावून करून टाकलं. काही जण थीममध्ये सूट घेण्याचा जो पर्याय आहे तो लावून मोकळे होतात, तसं करू नका, एपीआय ३६ टार्गेट केलं की अँड्रॉइड १६ वर ती सूट चालत नाही.

हेच मशीन घेत असाल तर विकणाऱ्याला घेण्याआधी विचारा की लायब्ररीचं शेवटचं वर्जन कोणत्या तारखेचं आहे, डॉट एसओ फाइली १६ केबीच्या आहेत का, आणि ईएससी-पीओएसची कमांड लिस्ट मिळते का. लिस्ट मिळत असेल तर बाकीच्या दोन उत्तरांची चिंता नाही, बिनधास्त घ्या. तिन्हीला "सर चालते ना" असं उत्तर आलं तर दुसरीकडं पाहा.

आणि ज्यांच्या केंद्रावर हे प्रिंटर अ‍ॅपपायी कपाटात पडून आहेत त्यांनी ते भंगारात देऊ नका. माझा प्रिंटचा कोड मी फुकट देतो, कुणाच्याही अ‍ॅपमध्ये बसते. प्रिंटर बंद करा, कागद सरकवायचं बटण दाबून धरून पुन्हा चालू करा, एक टेस्टची चिठ्ठी निघेल, तिचा फोटो आणि मोबाईलचं अँड्रॉइड वर्जन मला पाठवा.