डब्ल्यूपीसीसाठी कपलिंग एजंट: एक पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

कोकणात डब्ल्यूपीसीच्या, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक एकत्र करून काढलेल्या फळ्या विकायच्या म्हणजे गाठ पावसाशी आहे. आमच्याकडे सागाचा भुसा आणि रिसायकल केलेलं एचडीपीई (एक प्रकारचं टणक पॉलिएथिलिन प्लॅस्टिक) जवळपास निम्मं-निम्मं घेऊन डेकिंगच्या, म्हणजे बाहेरच्या उघड्या जमिनीवर घालायच्या फळ्या काढतो. उन्हाळ्यापासून त्यात मॅलिइक अॅनहायड्राइड हे रसायन ग्राफ्ट केलेल्या (साखळीला जोडलेल्या) पॉलिएथिलिनचे दाणे घालतोय. धंद्यात याला नुसतं कपलिंग एजंटच म्हणतात. आता पावसाळा उलटलाय, म्हणून सविस्तर लिहितो.

लाकडाच्या तंतूवर हायड्रॉक्सिल गट असतात, ते पाणी धरतात. पॉलिएथिलिन पाण्याला जवळ करत नाही. त्यामुळे दोन्ही एकत्र तापवून डायमधून (यंत्राच्या तोंडाच्या साच्यातून) काढले तरी तंतू प्लॅस्टिकात नुसता अडकून राहतो, धरत नाही. या दाण्यांतला अॅनहायड्राइड त्या हायड्रॉक्सिलशी एस्टर बंध जोडतो, आणि त्याची लांब पॉलिएथिलिनची साखळी आजूबाजूच्या एचडीपीईत गुंतते.

फरक बघायला प्रयोगशाळा लागत नाही. फळीचा तुकडा मोडा आणि मोडलेली बाजू भिंगाखाली धरा. एजंट नसलेल्या तुकड्यात तंतू गुळगुळीत, अख्खेच्या अख्खे बाहेर निसटलेले दिसतात आणि समोरच्या बाजूला त्यांची रिकामी भोकं असतात. एजंट असलेल्या तुकड्यात तंतू तिथल्या तिथे तुटलेले, टोकं फाटलेली, अंगाला प्लॅस्टिक चिकटलेलं. नवीन लॉट आला की मी आधी हेच बघतो.

वाकवून मोडायची ताकद चांगलीच वाढली. ताठपणा मात्र होता तेवढाच आहे, कारण तो मुख्यतः भुशाच्या प्रमाणावर ठरतो. फळी मजबूत झाली म्हणून खालच्या सपोर्टमधलं अंतर वाढवायला जाऊ नका, मधे झोळ येणारच. खाच पाडून घेतलेल्या इम्पॅक्ट टेस्टमध्येही फारसा फरक पडत नाही.

माझ्या मते पैसे वसूल होतात ते पाण्यात. कापलेलं टोक बादलीत बुडवून ठेवायचं आणि व्हर्नियरने जाडी मोजत राहायचं. जुन्या रेसिपीचं टोक काही दिवसांतच फुगून खरखरीत व्हायचं. नव्या फळीचं फुगणं खूपच कमी, आणि वाळल्यावर ती मूळ जाडीच्या जवळ परत येते. तंतू आणि प्लॅस्टिकच्या मधली फट बुजली की पाण्याला आत शिरायची वाटच अरुंद होते. पाणी अजिबात लागत नाही असं मात्र कुणी सांगत असेल तर ते खरं नाही. तंतू लाकडाचाच आहे, तो सावकाश का होईना पाणी पितो, आणि सावलीतल्या ओल्या जागी वरून बुरशी धरते ती धरतेच.

आता ल्युब्रिकंट, म्हणजे माल यंत्रातून सहज सरकावा म्हणून घालायचं वंगण. बऱ्याच रेसिपींत झिंक स्टिअरेट किंवा कॅल्शियम स्टिअरेट असतं. त्यातला धातू अॅनहायड्राइडशी आधी जुळतो आणि लाकडासाठी फारसं काही उरत नाही. आम्ही एकाच भुशावर दोन्ही प्रकारे माल काढून तुलना केली. स्टिअरेट असलेल्या फळीत ताकद आणि पाण्याचा फायदा बराचसा निघून गेला होता. धातू नसलेलं ल्युब्रिकंट घ्या. त्याचा खर्च थोडा जास्त आहे, पण दोन्हींत एकत्र बचत करायला गेलात तर एजंटचे पैसे पाण्यात जातात. पुरवठादाराला हे आधी विचारा, तो आपणहून सांगेलच असं नाही.

दुसरी गोष्ट भुशातली ओल. आमच्याकडे जुलैत गोणी नुसती उघडी ठेवली तरी भुसा हवेतली ओल ओढतो. ड्रायरमधून काढून ओल एक टक्क्याच्या आत आणायची आणि लगेच हॉपरमध्ये घालायचा, मधे थांबायचं नाही. ओलीने अॅनहायड्राइडचं आम्ल होतं आणि त्याची जोडायची ताकद कमी होते. वर डायमधून वाफेचे बुडबुडे येतात ते वेगळंच. एजंटची गोणीही घट्ट बांधून ठेवा. तापमान २०० अंशांच्या वर जाऊ देऊ नका. त्यापुढे लाकूड करपायला लागतं, रंग काळवंडतो आणि शेडमध्ये जळका वास भरतो.

एजंटचं प्रमाण साधारण २ ते ३ टक्के पुरतं. भुसा जास्त किंवा फार बारीक असेल तर तंतूंचा पृष्ठभाग वाढतो, तेव्हा थोडं चढवावं लागतं. त्यापुढे नुसता खर्च वाढतो.

ग्रेड घेताना प्लॅस्टिक बघून घ्या. एचडीपीईला पॉलिएथिलिनवालं, पीपीला पॉलिप्रॉपिलिनवालं. रिसायकलमध्ये दोन्हींची सरमिसळ येत असेल तर आधी माल निवडून घ्या, एजंट ते काम करत नाही. आणि बाजारात डब्ल्यूपीसी म्हणून दरवाजे-किचनसाठी जे बोर्ड मिळतात ते बहुतेक पीव्हीसीचे असतात. त्यांच्यात हे दाणे घालू नयेत, तिथे अमिनोसिलेनसारखं दुसरं रसायन लागतं.

किलोमागे हा एजंट रेसिपीतला सगळ्यात महाग माल आहे. तरी खाडीकाठच्या आणि समुद्रालगतच्या कामांसाठी त्याशिवाय फळी काढायची नाही असं आम्ही ठरवलंय. पुढे भाताच्या तुसावर करून बघायचं आहे. तुसाच्या बाहेरच्या अंगावर सिलिका आणि मेणचट थर असतो, तिथे धरायला हायड्रॉक्सिल कमी मिळतात, आणि यंत्रातला माल ढकलणारा स्क्रू झिजतो तो वेगळाच. कुणी तूस वापरत असेल तर एजंटचं प्रमाण किती ठेवता आणि दळण किती बारीक घेता ते जरूर लिहा.