चौथ्या वर्षी संशोधनाचं ऑनर्स घ्यावं की साधं? कॉमर्स-आयटीच्या मुलांसाठी

तिसरं वर्ष संपलं की पूर्वी वाटा दोनच होत्या: नोकरी, नाहीतर एमसीए-एमबीएची सीईटी. आता मधे चौथं वर्ष आलंय, तेही दोन प्रकारचं. एक ‘ऑनर्स’, दुसरं ‘ऑनर्स विथ रिसर्च’. महाराष्ट्रात नवं शैक्षणिक धोरण स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झालं. म्हणजे स्वायत्तवाल्यांची पहिली बॅच २०२६ मध्ये आणि बाकीच्यांची २०२७ मध्ये या फाट्यावर येते. हे करून बसलेला कुणी दादा किंवा ताई कॉलेजात विचारायला सापडत नाही, ही यातली खरी पंचाईत.

बीसीए, बीबीए (सीए), बी.एस्सी. आयटी, संगणकाचे विषय घेतलेलं बी.कॉम. अशा, अर्धा धंदा आणि अर्धं आयटी शिकणाऱ्या मुलांना मी शिकवते. माझं मत आधीच सांगून टाकते. ७५ टक्के पडले एवढ्याच कारणासाठी संशोधन घेऊ नका. नीट प्रश्न, वेळ देणारा गाईड आणि माहिती मिळण्याची जागा, या तिन्हींतल्या निदान दोन गोष्टी सहाव्या सत्रात हाताशी नसतील, तर साधं ऑनर्सच बरं.

कागदावर काय आहे

यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, डिसेंबर २०२२ मध्ये आराखडा दिला. त्यात चार वर्षांची पदवी किमान १६० क्रेडिटची आहे. महाराष्ट्रात ती १६० ते १७६ अशी धरलीय. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा त्याहून जास्त असतील त्यालाच संशोधनाचा पर्याय मिळतो. संशोधन प्रकल्पाला १२ क्रेडिट. साधं ऑनर्स घेणाऱ्याने त्या १२ क्रेडिटच्या जागी तीन विषय करायचे. नियमाच्या पातळीवर फरक मुख्यतः एवढाच.

पण १२ क्रेडिट म्हणजे किती काम, हे कुणी सांगत नाही. प्रकल्पाच्या एका क्रेडिटला ३० तास धरतात, म्हणजे ३६० तास. दोन सत्रांचे मिळून ३० आठवडे धरले तर आठवड्याला १२ तास. तीन विषय घेतले तर वेळापत्रक असतं, हजेरी असते, अंतर्गत परीक्षेची तारीख लागते. संशोधनाच्या त्या १२ तासांची हजेरी कुणी घेत नाही. जो मुलगा संध्याकाळी वडिलांचं दुकान सांभाळतो किंवा जी मुलगी चार ठिकाणी शिकवण्या घेते, त्यांनी हे तास आठवड्यात नेमके कुठे बसतात ते आधी कागदावर मांडून बघावं.

काम कसं असतं

तिसऱ्या वर्षापर्यंतचा ‘प्रोजेक्ट’ सगळ्यांना पाठ असतो. हॉस्पिटल मॅनेजमेंट नाहीतर लायब्ररी मॅनेजमेंट, लॉगिनची स्क्रीन, ईआर डायग्राम, डीएफडी, शेवटी सोनेरी अक्षरांचं ब्लॅक बुक. चौथ्या वर्षीचं संशोधन म्हणजे हेच जरा जाड, असा समज पक्का बसलाय. तो चूक आहे. प्रोजेक्टमध्ये काय बनवायचं ते आधी ठरलेलं असतं. संशोधनात उत्तर आधी माहीत नसतं, आणि माहीत असेल तर ते संशोधन नव्हे.

एक उदाहरण घेऊ. ‘किराणा दुकानांतील डिजिटल पेमेंटचा अभ्यास’ हा विषय मुलं हमखास आणतात. हा विषय झाला, प्रश्न झाला नाही. याचं पुढे काय होतं तेही ठरलेलं: एक गुगल फॉर्म, तो वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, मग मावशीच्या सोसायटीच्या ग्रुपवर. शंभर उत्तरं जमतात, त्यातले बहुतेक तुमच्याच वयाचे. मग पाय चार्ट, मग कुणाकडून तरी करून घेतलेली काय-स्क्वेअर टेस्ट. व्हायवाला बाहेरचे परीक्षक एकच विचारतात, ‘सॅम्पल कसं निवडलं?’, आणि तिथेच गाडी अडते.

आता तोच विषय अरुंद करू. यूपीआय २०१६ मध्ये आलं. दुकानदार ते वापरतो का, हे विचारण्यात आता फारसा अर्थ नाही. पण त्याचा हिशोब कसा जुळतो? रात्री नऊच्या सुमाराला गल्ल्यापाशी अर्धा तास उभं राहून बघा. काउंटरवर दोन क्यूआर आहेत का? एक दुकानाच्या चालू खात्याचा आणि दुसरा मुलाच्या बचत खात्याचा? साउंडबॉक्स ओरडला की मालक मान हलवतो, पण कुठे लिहितो का? उधारीच्या वहीतलं खातं ग्राहकाने यूपीआयने भरलं तर वहीत ते कधी खोडलं जातं? टॅलीची एन्ट्री रोज होते, की अकाउंटंट महिन्याने बँक स्टेटमेंट घेऊन बसतो? ‘साउंडबॉक्स आल्यावर दिवसअखेरीचा हिशोब सोपा झाला की दुहेरी झाला?’ हा झाला प्रश्न. याला वीस दुकानं पुरतात, पण त्या वीस दुकानांत दोन-तीनदा जावं लागतं, आणि दुकानदार तुमच्याशी बोलायला हवा. ज्याच्या घरचंच दुकान आहे, त्याच्यापाशी इथे मोठी ठेव असते आणि त्याला ती दिसत नसते.

दुसरी जागा ई-इनव्हॉइसिंगची, म्हणजे बिल जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर नोंदवून घेण्याची. ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना ते बंधनकारक झालं. एखाद्या चार्टर्ड अकाउंटंटकडे आर्टिकलशिप करणारा मित्र असेल, तर मधल्या आकाराच्या व्यापाऱ्याने बिलिंगची पद्धत त्यासाठी कशी बदलली, हे जवळून बघता येतं. मात्र ग्राहकांची माहिती त्यांच्या लेखी परवानगीशिवाय आणि नावं न झाकता वापरायची नाही, हे पहिल्याच दिवशी ठरवून घ्या.

कोडिंगची आवड असलेल्यांनी नाउमेद व्हायचं कारण नाही. बनवणं हेही संशोधन होऊ शकतं. माहिती प्रणालीच्या क्षेत्रात त्याला डिझाइन सायन्स म्हणतात आणि २००४ पासून ती रीत चांगलीच रुळलीय. अट एकच, बनवून थांबायचं नाही. बनवलेली गोष्ट खऱ्या माणसाच्या हातात द्यायची आणि आधीपेक्षा किती वेळ वाचला, किती चुका कमी झाल्या, ते मोजायचं. साध्या ऑनर्सच्या मिनी-प्रोजेक्टला बनवून दाखवलं की पुरतं.

एक सूचना जाता जाता. ‘टॅम’ नावाचं मॉडेल, म्हणजे तंत्रज्ञान उपयुक्त वाटतं का आणि वापरायला सोपं वाटतं का, यावर माणूस ते स्वीकारतो, असं फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये मांडलं. मॉडेल चांगलंच आहे. पण यूपीआयला टॅम लावून पाच पर्यायांची प्रश्नावली भरून घेणं इतक्यांनी केलंय की परीक्षकाला पुढचं पान न उलटता कळतं. घ्यायचंच असेल तर जिथे ते नीट लागू पडत नाही अशी जागा शोधा.

साध्या ऑनर्सकडे कमीपणाने बघण्याची पद्धत मला अजिबात पटत नाही. डेटा ॲनालिटिक्स, ईआरपी, क्लाउड अशांपैकी तीन विषय मन लावून केले आणि ऑन जॉब ट्रेनिंगमध्ये खरोखर काम मिळालं, तर नोकरीच्या मुलाखतीत ते लगेच दिसतं. फ्रेशरच्या मुलाखतीत एसक्यूएलची क्वेरी लिहायला सांगतात. तुमचा प्रबंध कुणी उघडून बघत नाही. मार्कांचंही तसंच. तीन पेपरांत अभ्यासाप्रमाणे मार्क पडतात, संशोधनात १२ क्रेडिटचं वजन एकाच कामावर. ते फसलं की सीजीपीए घसरतो.

गाईड

निकाल बहुतेक वेळा इथेच लागतो. साध्या ऑनर्समध्ये एक शिक्षक कच्चा निघाला तर दुसऱ्याच्या नोट्सवर भागतं. संशोधनात एकच माणूस वर्षभर. कॉमर्स आणि मॅनेजमेंटकडचे गाईड आकडेशास्त्र आणि प्रश्नावलीत तयार असतात पण एपीआय म्हटलं की हात टेकतात. संगणकाकडचे कोड तपासतात पण ‘मुलाखत ही माहिती कशी?’ असं विचारतात. आपला विषय दोन्हींच्या मधला असल्याने ही ओढाताण व्हायचीच. शक्य असेल तर दुसऱ्या बाजूच्या एका शिक्षकांना सहमार्गदर्शक म्हणून आधीच सामील करून घ्या.

सरांना किंवा मॅडमना भेटायला जाल तेव्हा संकोच न करता विचारा: यंदा तुमच्याकडे किती विद्यार्थी आहेत? आठवड्यातला कोणता वार आमचा? मसुदा दिल्यावर किती दिवसांत परत मिळेल? पीएच.डी.ची मार्गदर्शक म्हणून मान्यता आहे का? राग येत असेल तर ते उत्तरच समजा.

पुढची दारं

इथे गैरसमज भरपूर आहेत. ‘पीएच.डी. करायची तर रिसर्चवालंच ऑनर्स हवं’ असं मुलांना सर्रास सांगितलं जातं. यूजीसीच्या २०२२ च्या पीएच.डी. नियमात चार वर्षांची पदवी आणि एकूण ७५ टक्के ही अट आहे. राखीव व आर्थिकदृष्ट्या दुर्बल प्रवर्ग आणि दिव्यांगांना ५ टक्क्यांची सूट. त्या अटीत ‘विथ रिसर्च’ हे शब्द नाहीत. २०२४ पासून चार वर्षांच्या पदवीवर, त्याच ७५ टक्क्यांच्या अटीने, यूजीसीची नेट परीक्षाही देता येते. मात्र मुलाखतीत संशोधनाचा आराखडा मांडायला सांगतात, आणि तिथे ज्याने एकदा प्रश्न घासूनपुसून नीट केलाय तो बोलतो, बाकीचे अडखळतात. म्हणजे पीएच.डी.चा विचार पक्का असेल तर संशोधन घ्याच, पण ते सरावासाठी.

पदव्युत्तरचा हिशोब सोपा आहे. तीन अधिक दोन पाच, चार अधिक एक तेही पाच. ऑनर्सनंतर एका वर्षाची पदव्युत्तर पदवी ही तरतूद आहे, पण हव्या त्या विषयात, हव्या त्या गावात तसा एक वर्षाचा वर्ग प्रत्यक्ष सुरू आहे का, ते विद्यापीठाच्या प्रवेश पुस्तिकेत बघून मगच चौथ्या वर्षाचे पैसे भरा. एमसीएच डोक्यात असेल तर तीन वर्षांवर थांबून सीईटी देणं हा सरळ रस्ता आहे. २०२० पासून ते दोनच वर्षांचं आहे. घरची गरज असेल तर तीन वर्षांवर नोकरीला लागण्यातही काही वावगं नाही.

ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडे डोळे असणाऱ्यांसाठी एक गोष्ट. तिथे बिझनेस आयटीत ऑनर्स म्हणजे साधारणपणे तीन वर्षांच्या पदवीनंतरचं वेगळं एक वर्ष, मार्गदर्शकाच्या हाताखाली प्रबंध लिहायचं. ऑस्ट्रेलियाच्या पात्रता चौकटीत ते आठव्या पातळीवर बसतं आणि त्यात फर्स्ट क्लास मिळाला तर मास्टर्स न करता थेट पीएच.डी.साठी विचार होतो. आपल्याकडून जाणारी मुलं मात्र बहुतेक विषय घेऊन करायच्या मास्टर्सलाच जातात, कारण नोकरी हा हेतू असतो. तिथे पीएच.डी. करायची असेल, तर इथल्या प्रबंधातलं एक नीट लिहिलेलं प्रकरण अर्जाबरोबर जोडता येतं.

राहिलं अर्ज भरण्याचं. सहाव्या सत्राच्या परीक्षेआधी एका पानावर प्रश्न, माहिती कुठून मिळेल आणि कुणाची परवानगी लागेल, एवढं लिहून गाईडना दाखवा. सातव्या सत्राच्या शेवटी काम रखडलं तर आठव्याला साध्या ऑनर्सकडे वळता येतं का, आणि तोवरच्या क्रेडिटचं काय होतं, हे परीक्षा विभागाकडून लेखी घ्या. तोंडी ‘बघू आपण’ वर विसंबू नका.