शेततळं की पाणलोट?

दुष्काळी गावापुढे हे दोन रस्ते असतात: एकेकाच्या शेतात तळं, नाहीतर गावाच्या सगळ्या उतारावरचं पाणी अडवून जमिनीत मुरवणारी पाणलोटाची कामं. २०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली. ज्याच्याकडे जमीन, त्याच्या बांधावर पाणी. डाळिंबाची, द्राक्षाची बाग एप्रिल-मेमध्ये तगते. पण प्लॅस्टिकचा कागद अंथरलेली कितीतरी तळी पावसाने नाही, विहिरी-बोअर उपसून भरतात. जमिनीखालचं सगळ्यांचं पाणी एकाच्या तळ्यात येतं, उन्हाने उडतं आणि शेजारच्या कोरडवाहू शेतकऱ्याची विहीर आटते.

नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावाने पाणलोटाचा रस्ता धरला: उताराला आडवे सलग समतल चर खणले, चराईबंदी केली, दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडला, शेतीसाठी बोअरवेल बंद ठेवल्या. याला वर्षं लागतात, भांडणंही होतात. तरी माझं मत पाणलोटालाच. भूमिहीन बाईच्या हंड्यापर्यंत पाणी त्यानेच पोचतं.