धरमपेठेतला कन्फ्यूशियसचा रविवारचा क्लास (५ पैकी ४ स्टार)

नागपूरच्या धरमपेठेत एका वाचनालयाच्या वरच्या हॉलमधे रविवारी संध्याकाळी कन्फ्यूशियस या प्राचीन चिनी विचारवंतावर क्लास चालतो, आमची बॅच आत्ताच संपली आणि मनापासून सांगतो न, नक्की जा. सर चरित्रात अडकत नाहीत, इ.स.पू. ५५१ ला लू राज्यात जन्म, थोडे दिवस अधिकारपद, मग वर्षानुवर्षं वणवण आणि शिष्य, एवढं सांगून सरळ 'अ‍ॅनालेक्ट्स', म्हणजे त्याच्या वचनांचं नि संवादांचं पुस्तक, उघडतात. २० प्रकरणं, पण सगळे सुटे-सुटे दोन-चार ओळींचे संवाद, एकट्यानं वाचलं तर हाती काही लागत नाही, इथं मात्र एकेका संवादावर अर्धा-पाऊण तास वाद चालतो.

सगळ्यात भारी झाला तो आईवडिलांवरचा. कन्फ्यूशियस म्हणतो, आजकाल आईबापाला खाऊ घातलं की झालं असं लोक समजतात, पण खायला तर कुत्र्या-घोड्यालाही घालतोच, मनात आदर नसेल तर फरक काय? आता नागपुरात घरोघरी हेच आहे न, पोरं पुण्याला नाहीतर बंगलोरला, पैसे वेळेवर येतात, डबा लावलेला, कामाला बाई, आणि फोनवर 'गोळ्या घेतल्या का' याच्या पुढं बोलणं जात नाही. समोर बसलेल्या एक काकू म्हणाल्या, "सर, माझा मुलगा माझं सगळं करतो, पण मला काही विचारत नाही." मग सरांनी चीनच्या २०१३ च्या कायद्याचं सांगितलं, वेगळं राहणाऱ्या मुलांनी आईवडिलांना वरचेवर भेटावं असं त्यात चक्क लिहिलंय, आणि आम्हालाच विचारलं, कायद्यानं पोरगा घरी येईल, आदर कुठून आणणार?

'राजानं राजासारखं, बापानं बापासारखं, मुलानं मुलासारखं वागावं' हे आलं तेव्हा एका मुलीनं थेट विचारलं, मग हे आपल्या वर्णव्यवस्थेपेक्षा वेगळं कसं? दीक्षाभूमीच्या शहरात हा प्रश्न यायलाच पाहिजे. सरांनी टाळलं नाही, शिकवताना कन्फ्यूशियस भेद करत नव्हता, गुरुदक्षिणा म्हणून नुसती वाळवलेल्या मांसाची जुडी घेऊन आलेल्यालाही शिष्य करून घ्यायचा हे दाखवलं. पण बायकांचं या विचारातलं स्थान, आणि १९१९ च्या 'चार मे' या विद्यार्थी आंदोलनाच्या काळात चीनच्याच तरुणांनी त्याच्यावर काढलेला राग, हे दहा मिनिटांत उरकलं. एक स्टार इथं कापला, यावर अख्खा एक रविवार पाहिजे होता.

नोट्सच्या झेरॉक्स फिक्या आहेत, चष्मेवाल्यांना त्रास होतो. पार्किंग नाही, गाडी गल्लीत लावावी लागते. पुढची बॅच दिवाळीनंतर आहे, जमलं तर आईला नाहीतर मुलाला सोबत घेऊन जा, वाद जास्त रंगतो.