ब्रश, साबण आणि एका ब्लेडचं रेझर: दीड वर्ष वापरून झाल्यावर

कित्येक वर्षं दाढी हा माझ्यासाठी फक्त उरकायचा प्रकार होता. डब्यातला फोम, पाच ब्लेडचं कार्ट्रिज (म्हणजे दांड्यावर बसवायचं तयार डोकं), गळ्यावरून चार हात आणि पाच मिनिटांत बाहेर. आणि गळ्याच्या डाव्या बाजूला, कॉलर जिथे घासते बरोब्बर तिथे, कायम लाल पुटकुळ्या. फोम बदलला, आफ्टरशेव्ह बदललं, कार्ट्रिज लवकर लवकर बदलून बघितलं, काही फरक नाही. शेवटी दीड वर्षापूर्वी ते सगळं बाजूला ठेवलं आणि जुन्या पद्धतीचं सामान घेतलं, म्हणजे एकच सुटं ब्लेड बसवायचं धातूचं सेफ्टी रेझर, ब्रश, वाटीतला साबण आणि तुरटीचा खडा. मधे काही महिने इलेक्ट्रिक शेव्हरही वापरला, कार्ट्रिजकडेही परत जाऊन आलो, त्यामुळे तिन्हींबद्दल आता जरा ठामपणे लिहू शकतो.

आधीच सांगून टाकतो, या सगळ्या सामानात सगळ्यात कामाची वस्तू रेझर नाहीये, ब्रश आहे. सगळे बोलतात रेझरबद्दल, फोटो रेझरचे, वाद ब्लेडवरून, पण माझा गळा शांत झाला तो निम्म्याहून जास्त ब्रश-साबणामुळे, आणि हे मला कळलं ते उलट्या प्रयोगातून. सेफ्टी रेझर तसंच ठेवून पंधरा दिवस डब्यातला फोम वापरला, तर आग परत सुरू. मग ब्रश-साबण ठेवून रेझर तेवढं कार्ट्रिजचं घेतलं, तर बराच आराम. त्या दिवसापासून कोणी विचारलं की सुरुवात कशाने करू, तर मी म्हणतो आधी ब्रश घे, रेझरचं नंतर बघू.

कारण साधं आहे. कोरडा केस कापायला जेवढा जोर लागतो त्यापेक्षा पाणी मुरलेला केस कापायला खूप कमी लागतो, आणि केसात पाणी मुरायला दोन-तीन मिनिटं तरी द्यायलाच लागतात. डब्यातल्या फोममध्ये गॅसमुळे एका सेकंदात फुगवटा येतो, तो गालावर लावला की लगेच रेझर, म्हणजे केसाला पाणी प्यायला वेळच मिळत नाही, आणि दिसायला भरगच्च दिसला तरी त्यात हवाच जास्त. ब्रशने फेस काढताना मात्र ते दोन-तीन मिनिटांचं काम आपोआप होतं, गोल गोल फिरवताना आडवे पडलेले केस उभे राहतात, पाणी मुळापर्यंत जातं. शिवाय फेस दाट असतो त्यामुळे ब्लेड घसरतं, ओढत नाही.

फेस जमायला मात्र मला महिना लागला आणि त्याबद्दल कोणी नीट सांगत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितो. साबणावर आधी थोडं कोमट पाणी घालून दोन मिनिटं सोडा. ब्रश भिजवून झटका, अगदी पिळू नका, आणि साबणावर निदान अर्धा मिनिट फिरवा, माझी चूक इथेच व्हायची, मी दहा सेकंद फिरवून थांबायचो आणि मग फेस दोन मिनिटांत चेहऱ्यावरच वाळायचा. आता चेहऱ्यावर किंवा वाटीत फेस करायला घ्या आणि मधे मधे ब्रशचं टोक पाण्यात बुडवून थेंब थेंब पाणी वाढवत जा. सुरुवातीला फेस चिकट आणि पांढराफट्ट दिसतो, तो झाला असं वाटतं पण झालेला नसतो, अजून पाणी मागतो. मोठे बुडबुडे गेले, फेसावर ओली चकाकी आली आणि बोटाच्या चिमटीत घेतल्यावर बोटं सरसर घसरली की झाला. गळायला लागला तर पाणी जास्त झालंय, परत थोडा साबण घ्यायचा, त्यात काय.

आणि पाणी! पाण्याबद्दल मला कोणी आधी सांगितलं असतं तर दोन साबण फुकट बदनाम झाले नसते. जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असतं, ते साबणाला धरून त्याचा साका करतं, म्हणजे फेसाऐवजी पांढरट किटण. माझ्याकडे एका साबणाचा फेसच होईना, मी तो टाकून द्यायला निघालो होतो, मग एक दिवस कपभर डिस्टिल्ड वॉटर घेऊन त्याच साबणाचा, त्याच ब्रशने फेस काढून बघितला आणि वाटी ओसंडून गेली. तुमचा साबण रुसला असेल तर आधी हा प्रयोग करा. रोज डिस्टिल्ड वॉटर नको असेल तर पाणी उकळून गार केलं तरी काही प्रकारचा जडपणा जातो, नाहीतर साबण जास्त घ्यायचा, किंवा ट्यूबमधलं क्रीम वापरायचं. माझा अनुभव असा की जड पाण्यात क्रीम वडीपेक्षा लवकर जमतं.

ब्रशचे प्रकार म्हणाल तर रानडुकराच्या केसांचा, बॅजर या प्राण्याच्या केसांचा आणि सिंथेटिक. रानडुकराचा स्वस्त, आधी भिजत ठेवायला लागतो, सुरुवातीला वास मारतो, पण वापरून वापरून केसांची टोकं फाटत जातात आणि मऊ होतो. बॅजरचा मी घेतला नाही, प्राण्याचा विचार करून मनाला पटलं नाही. सिंथेटिक भिजवायला लागत नाही, तासाभरात वाळतो, साबण कमी खातो. माझा रोजचा तोच आहे आणि पहिल्यांदा घेणाऱ्याला मी डोळे मिटून तोच सांगेन.

आता रेझर. माझं तीन तुकड्यांचं आहे, वरची टोपी, मधली प्लेट आणि दांडा, वजन ८० ग्रॅमच्या आसपास. याचं मला सगळ्यात आवडतं ते म्हणजे ब्लेडचं माप सगळीकडे एकच, साधारण ४३ बाय २२ मिलिमीटर, जाडी ०.१ मिलिमीटर, कुठल्याही कंपनीचं ब्लेड कुठल्याही कंपनीच्या रेझरला बसतं. कार्ट्रिजमध्ये एकदा दांडा घेतला की त्याच कंपनीच्या दारात कायमचे उभे. गंमत म्हणजे टाकून द्यायच्या ब्लेडची कल्पना धंद्यात आणली ती किंग कॅम्प जिलेट यांनी, १९०३ साली, पहिल्या वर्षी त्यांची ५१ रेझर आणि १६८ ब्लेड विकली गेली, १९०४ मध्ये पेटंट मिळालं. आणि दोन ब्लेडचं कार्ट्रिज १९७१ मध्ये आणलं ते त्याच कंपनीने, १९९८ ला तीन ब्लेड, २००६ ला पाच. म्हणजे आज आपण ज्या दोन बाजूंची तुलना करतोय त्या दोन्ही एकाच घरातून निघाल्यात.

वापरायची पद्धत पूर्ण वेगळी आहे आणि इथेच लोक कापून घेतात. कार्ट्रिजचं डोकं हलतं, कोन ते सांभाळतं, आपण फक्त दाबायचं. सेफ्टी रेझरमध्ये कोन आपण धरायचा, साधारण ३० अंश, आणि दाबायचं अजिबात नाही, रेझरच्या वजनानेच काम होऊ द्यायचं. पहिल्या आठवड्यात मी जबड्याच्या कोपऱ्यावर तीनदा कापलं, कारण हात जुन्या सवयीने दाबत होता. मग दांडा अगदी शेवटाला दोन बोटांत धरायला लागलो, तिथून दाबताच येत नाही, आणि तीन आठवड्यांत हात हलका झाला. कोन बरोबर आहे का ते कानाने कळतं, केस कापल्याचा बारीक कुरकुर आवाज येतो, आवाज बंद झाला की कोन चुकला किंवा तिथलं काम संपलं. मला या छंदातला सगळ्यात सुखाचा भाग विचाराल तर तो आवाज आहे, पंखा बंद करून दाढी करतो मी.

दुसरं म्हणजे आपल्याच चेहऱ्यावर केस कुठल्या दिशेने वाढतात ते शोधणं. दोन दिवसांची खुंटं वाढू द्या आणि बोट फिरवून बघा, जिकडे गुळगुळीत लागतं ती सुलट, जिकडे टोचतं ती उलट. माझ्या गळ्याच्या डाव्या बाजूला केस खालून वर आणि थोडे तिरके वाढतात, म्हणजे इतकी वर्षं मी ज्याला सुलट समजत होतो तो तिथे उलटा हात होता! हे कळल्यावर पुटकुळ्यांचं अर्धं कोडं सुटलं. पहिला हात सुलट, मग परत फेस लावून आडवा, आणि हवाच असेल तर तिसरा उलट. एका हातात सगळं काढायचंच नाही, थोडं थोडं कमी करत जायचं.

पाच ब्लेडवाल्याचं काम कसं चालतं तेही समजून घ्या. पुढचं ब्लेड केस पकडून जरा वर ओढतं, तो परत आत जायच्या आधी मागचं ब्लेड त्याला अजून खाली कापतं, म्हणून कापलेलं टोक कातडीच्या खाली जाऊ शकतं. गालावर गुळगुळीत वाटतं, पण केस कुरळे किंवा तिरके असतील तर ते टोक आतल्या आत वाढतं आणि फोड येतो. पण एका ब्लेडचं रेझर घेतलं की हा त्रास गेलाच असं मी म्हणणार नाही, कारण घोटून दाढी करायच्या नादात मीही सुरुवातीला गळ्यावर तिसरा उलटा हात मारायचो आणि आत वाढलेले केस तसेच यायचे. आता गळ्यावर दोनच हात, थोडी खरखर राहते, राहू दे.

ब्लेडबद्दल थोडक्यात. फेदर या कंपनीची जपानी ब्लेड धारेसाठी प्रसिद्ध आहेत, पण नवख्याने तिथून सुरुवात करू नये, हात आधी हलका होऊ द्या. वेगवेगळ्या ब्लेडचा मिश्र पॅक घेऊन स्वतःच्या चेहऱ्याला विचारा, माझं आवडतं तुमच्यासाठी निरुपयोगी निघू शकतं. मी एक ब्लेड चार दाढ्या वापरतो. मला नेहमी प्रश्न पडायचा की एवढं कडक स्टील मऊ केसाने बोथट कसं होतं. २०२० मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं, स्टील केसापेक्षा जवळजवळ पन्नास पट कडक असलं तरी केस वाकून तिरका आला आणि धारेवर स्टील एकसारखं नसलं की तिथून बारीक टवका उडतो. म्हणजे धार झिजते त्यापेक्षा तुटते जास्त. हे वाचल्यापासून मी दोन दिवसांची दाढी असेल तर पाण्याला अजून एक मिनिट देतो.

इलेक्ट्रिक शेव्हर मी नावडता ठरवलेला नाही. कोरड्यावर चार मिनिटांत काम, कापायची भीती नाही, आणि केस किंचित लांब ठेवतो त्यामुळे ज्यांना आत वाढणाऱ्या केसांचा जास्त त्रास आहे त्यांना उलट तोच बरा पडू शकतो. कातडीला सवय व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, तोवर मत बनवू नका. मला त्यात मन लागलं नाही इतकंच. कार्ट्रिजचंही तसंच, ज्यांचा हात थरथरतो त्यांना, किंवा आजारी माणसाची दाढी दुसऱ्याने करायची असेल तर मी सेफ्टी रेझर कधीच सुचवणार नाही, तिथे हलणारं डोकंच पाहिजे.

छंदाचं म्हणाल तर त्याला वेळ पाहिजे, घड्याळ लावून बघितलंय, पूर्ण प्रकार २० मिनिटं. त्यात सामान जमवायचा मोह जबरदस्त असतो. प्रोरासो या इटालियन कंपनीच्या हिरव्या क्रीमचा निलगिरी-मेंथॉलचा थंडावा एकदा लागला की लाल, पांढरं सगळंच घ्यावंसं वाटतं, मग चंदनाचा साबण, मग अजून एक ब्रश. माझ्याकडे आज सात साबण आहेत आणि एक वडी सहा महिने जाते, तुम्हीच हिशोब करा. म्हणून सांगतो, पहिले तीन महिने एकच साबण, एकच ब्लेड, एकच रेझर ठेवा, नाहीतर कशामुळे फरक पडला ते कळणारच नाही.

सध्या माझं असं चाललंय की कामाच्या दिवशी ब्रशने फेस, त्यावर कार्ट्रिजचा एकच सुलटा हात, सात मिनिटं. सुट्टीच्या दिवशी सेफ्टी रेझर, सगळं निवांत, शेवटी गार पाणी आणि तुरटी. तुरटी ओल्या चेहऱ्यावर फिरवली की जिथे चुरचुरते तिथे आपण जास्त घासलंय, मी ती जागा लक्षात ठेवून पुढच्या वेळी तिथे हात हलका ठेवतो.

प्रवासात विमान असेल तर सुटी ब्लेड हँडबॅगेत चालत नाहीत, चेक-इनमध्ये टाकायला लागतात, म्हणून तेव्हा कार्ट्रिज आणि क्रीमची छोटी ट्यूब नेतो. पण सिंथेटिक ब्रश सोबत असतोच. आणि वापरलेली ब्लेड कृपा करून नुसती कचऱ्यात टाकू नका, कचरा उचलणाऱ्याचा हात कापतो. मी एका बंद डब्याच्या झाकणाला फट पाडून ठेवलीय, दीड वर्षात तो अजून अर्धाही भरलेला नाही.