प्रोजेक्ट रिपोर्ट वर्डमध्ये की लॅटेकमध्ये? चौघांच्या ग्रुपसाठी

शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट बहुधा चौघांचा असतो. कोल्हापूरजवळच्या शिरोलीतल्या एखाद्या फाउंड्रीत मोल्डिंग सँडवर काम, उद्यमनगरातून फिक्स्चर बनवून घेणं, कॉलेजच्या लॅबमध्ये टेस्टिंग, आणि शेवटी साठ-सत्तर पानांचा रिपोर्ट. लिखाणही वाटूनच होतं. लिटरेचर सर्व्हे एकाकडे, डिझाइन दुसऱ्याकडे, प्रयोग तिसऱ्याकडे आणि रिझल्ट चौथ्याकडे. टाइप करायला वर्ड सोपं, याबद्दल वाद नाही; लॅटेकमध्ये साध्या मजकुरात खुणा लिहून त्यातून पीडीएफ बनवावी लागते. पण हे चार तुकडे एकत्र आणताना काय काय मोडतं, ते पाहूनच निवड करावी असं मला वाटतं.

ए-फोर कागद, डावीकडे बाइंडिंगसाठी दीड इंच, बाकी तिन्ही बाजूंना एक इंच, टाइम्स न्यू रोमन १२ पॉइंट, दीड ओळीचं अंतर. कॉलेजचं सूचनापत्र साधारण असंच असतं आणि ते दोन्हींत नीट पाळता येतं. समीकरणांतही आता पूर्वीइतका फरक राहिलेला नाही. वर्डमध्ये ऑल्ट आणि बरोबरचं चिन्ह दाबलं की समीकरणाची चौकट उघडते, आणि त्यात लॅटेकसारखं टाइप केलेलंही बरंचसं चालतं.

वर्डमध्ये जोडणी करताना

एका फाइलमधला मजकूर दुसरीत पेस्ट केला की त्याच्यासोबत स्टाइल (नाव देऊन ठेवलेली मांडणी), नंबरिंग आणि फील्डही (वर्ड स्वतः भरतो ते आकडे आणि संदर्भ) येतात. दोन्ही फाइलींत 'हेडिंग १' असेल तर ज्या फाइलीत पेस्ट केलं तिची व्याख्या लागते, तिथवर ठीक. पण चौघांपैकी दोघांनी तरी स्टाइल न वापरता अक्षरं सिलेक्ट करून बोल्ड आणि १४ पॉइंट केलेलं असतं. ते फॉरमॅटिंग मजकुराला चिकटून येतं. पानावर शीर्षक अगदी बरोबर दिसतं, अनुक्रमणिकेत मात्र येत नाही, कारण अनुक्रमणिका हेडिंग स्टाइल शोधते. बोल्ड अक्षरांशी तिला देणंघेणं नसतं.

यावर 'कीप टेक्स्ट ओन्ली' करून पेस्ट करा असा सल्ला मिळतो. साध्या परिच्छेदांना तो बरोबर आहे. पण त्यात चित्रं गळतात, तक्त्यांच्या चौकटी जातात आणि समीकरणं सपाट होतात. त्यामुळे रिझल्टच्या चॅप्टरला तो चालत नाही. तिथे मजकूर आणल्यावर परिच्छेद निवडून कंट्रोल-स्पेस (अक्षरांचं हाताने केलेलं फॉरमॅटिंग जातं) आणि कंट्रोल-क्यू (परिच्छेदाचं जातं) वापरावं, मग स्टाइल लावावी. तिरपी अक्षरंही यात सरळ होतात, ती पुन्हा करावी लागतात.

क्रॉस-रेफरन्सचं दुखणं जास्त लपून बसतं. आकृती काढली किंवा जागा बदलली तरी 'आकृती ४.३ पाहा' मधला आकडा आपोआप सुधारत नाही. त्यासाठी कंट्रोल-ए करून एफ९ दाबावं लागतं. ज्या आकृतीकडे बोट आहे ती पेस्ट करताना मागे राहिली असेल, तर त्या जागी 'एरर! रेफरन्स सोर्स नॉट फाउंड' असं येतं, पण तेही फील्ड अपडेट झाल्यावरच. प्रिंटपूर्वी फील्ड अपडेट करायचा पर्याय चालू असेल तर स्क्रीनवर शेवटपर्यंत सगळं ठीक दिसतं आणि ही ओळ थेट कागदावर उमटते. आकृती 'इन लाइन विथ टेक्स्ट' ठेवलेली नसेल तर कॅप्शन टेक्स्ट बॉक्समध्ये जाऊन बसतं, आणि कंट्रोल-ए, एफ९ तिथवर पोचत नाही.

इथवरच्या सगळ्याला काहीतरी उपाय आहे. माझं मत वर्डपासून हटवलं ते सेक्शन ब्रेकने, म्हणजे फाइलचे वेगवेगळ्या मांडणीचे भाग पाडणाऱ्या खुणेने.

रिपोर्टात सेक्शन ब्रेक टाळता येत नाहीत. प्रमाणपत्र, ऋणनिर्देश, अनुक्रमणिका यांना रोमन पानक्रमांक लागतात आणि पहिल्या चॅप्टरपासून १, २, ३. शिवाय सँड टेस्टचा रुंद तक्ता (ओलावा, परमिॲबिलिटी, ग्रीन कॉम्प्रेशन स्ट्रेंग्थ, प्रत्येकी तीन-तीन वाचनं आणि सरासरी) उभ्या पानात मावत नाही, म्हणून एक पान आडवं करावं लागतं. पानाची दिशा, समास, हेडर-फुटर, पानक्रमांकाची पद्धत ही सगळी माहिती वर्ड त्या सेक्शनच्या *शेवटच्या* ब्रेकमध्ये साठवतो. ब्रेक पुसला की त्याच्या वरचा मजकूर खालच्या सेक्शनची मांडणी घेतो.

प्रत्यक्षात होतं ते असं. जोडलेली फाइल चाळताना आडव्या तक्त्याच्या आधी कुणाला तरी एक रिकामं पान दिसतं. चुकून आलंय असं समजून तो डिलीट दाबतो, आणि त्या ब्रेकच्या वरचा अख्खा चौथा चॅप्टर आडवा होतो. घाबरून आडवी पानं निवडून पेज सेटअपमधून तेवढीच ('सिलेक्टेड टेक्स्ट') पुन्हा उभी केली की वर्ड त्यांच्याभोवती नवे ब्रेक घालतो. मग पानक्रमांक मध्येच १ पासून सुरू होतात. 'लिंक टू प्रीव्हियस' (मागच्या सेक्शनचंच हेडर पुढे चालवणं) कुठे चालू आणि कुठे बंद राहिल्याने एका चॅप्टरचं हेडर दुसऱ्यावर चढतं. आणि हे सगळं सबमिशनच्या आदल्या रात्री, कारण चौघांचे तुकडे एकत्र येतात तेच तेव्हा.

वर्डच वापरायचं असेल तर कंट्रोल-शिफ्ट-८ दाबून लपलेल्या खुणा कायम दिसत्या ठेवा, म्हणजे ब्रेकची ओळ डोळ्यांना दिसेल. एकच टेम्प्लेट करा, तेवढीच एक फाइल वनड्राइव्हवर ठेवून चौघांनी तिच्यातच लिहा, आणि ब्रेकना हात लावायचा अधिकार एकाकडेच ठेवा. व्हॉट्सॲपवर 'फायनल', 'फायनल २', 'फायनल नवीन' अशा फाइली फिरायला लागल्या की ही शिस्त संपली.

लॅटेकमध्ये हेच काम

एक मुख्य फाइल, तिच्यात समास, अंतर, फॉन्ट. बाकी प्रत्येक चॅप्टरची वेगळी फाइल, जी मुख्य फाइल 'इन्क्लूड'च्या एका ओळीने ओढून घेते. ज्याच्याकडे लिटरेचर आहे त्याच्या फाइलीत फॉन्ट, समास, पानक्रमांक यांतलं काहीही नसतं. फक्त मजकूर आणि 'इथे शीर्षक', 'इथे आकृती' एवढ्या खुणा. बरोबर आणायला फॉरमॅटिंगच नाही, त्यामुळे जोडताना मोडायलाही काही नाही. रोमन आकड्यांतून साध्या आकड्यांत जाणं एका ओळीचं काम. आडव्या पानाला सुरुवात आणि शेवट अशा दोन खुणा, ज्या डोळ्यांना दिसतात आणि पुढच्या-मागच्या पानांना धक्का लावत नाहीत. गाईडनी चॅप्टरची अदलाबदल सांगितली तर दोन ओळी वर-खाली करायच्या आणि पुन्हा कंपाइल करायचं, म्हणजे पीडीएफ पुन्हा बनवायची, आकडे स्वतःच बदलतात. आकृतीचा संदर्भ हरवला तर पीडीएफमध्ये ठळक दोन प्रश्नचिन्हं येतात. छापायच्या आधी पीडीएफमध्ये ती शोधली की झालं.

लॅटेकची स्वतःची दुखणीही आहेत. सगळ्यात घातक टक्क्याचं चिन्ह. लॅटेकमध्ये त्या चिन्हापुढे त्याच ओळीत जे असेल ते सगळं म्हणजे शेरा, ते छापलंच जात नाही. मेटॅलोग्राफीच्या चॅप्टरमध्ये 'नमुना २% नायटलने एच केला' या अर्थाचं इंग्रजी वाक्य असतंच. ते जसंच्या तसं लिहिलं तर '२' पर्यंत छापलं जातं आणि उरलेलं वाक्य गायब. अख्खा परिच्छेद एकाच ओळीत टाइप केलेला असेल तर उरलेला परिच्छेदही गायब. एरर येत नाही, वॉर्निंगही नाही. टक्क्याच्या आधी बॅकस्लॅश द्यायचा एवढाच उपाय, आणि शेवटी एकदा सर्व फाइलींत ते चिन्ह शोधून पाहायचं. अँडचं चिन्ह आणि अंडरस्कोर यांनाही बॅकस्लॅश लागतो, पण ते निदान एरर देऊन थांबवतात.

दुसरं म्हणजे आकृत्या. लॅटेक त्या जागा मिळेल तिथे सरकवतो, प्रयोगाची आकृती रिझल्टमध्ये जाऊन बसू शकते. 'फ्लोट' पॅकेज घेऊन कंसात मोठा एच दिला की ती तिथेच राहते, पण पानाखाली मोठी रिकामी जागा सुटू शकते. मोजक्या आकृत्यांनाच तो एच द्यावा. दोघांनी आपापल्या आकृतीला एकच लेबल दिलं, समजा 'सेटअप', तर संदर्भ चुकीच्या आकृतीकडे जातो आणि फक्त वॉर्निंग येते. लेबलाआधी चॅप्टरचं नाव लावायचं पहिल्या दिवशीच ठरवून टाका.

तक्त्यांच्या बाबतीत वर्ड निर्विवाद पुढे. जोडलेल्या चौकटींचा एक्सेलमधला तक्ता लॅटेकमध्ये हाताने लिहिणं कंटाळवाणं आहे. वेबवर एक्सेलमधून लॅटेकचा तक्ता करून देणारी साधनं आहेत, ती वापरावीत. आकडेवारी पुन्हा टाइप करू नये, चुका तिथेच घुसतात.

चित्रांत लॅटेक बरा. सॉलिडवर्क्समधलं ड्रॉइंग किंवा मॅटलॅबचा आलेख पीडीएफ म्हणून घेतला की रेघा धारदार राहतात. वर्ड मूळ सेटिंगमध्ये फाइल सेव्ह करताना फोटो दाबतो. ऑप्शन्समध्ये 'ॲडव्हान्स्ड'खाली ते बंद करता येतं. दोन्हींसाठी एक सांगतो. मायक्रोस्ट्रक्चरच्या फोटोवर मायक्रॉनची पट्टी हवीच. नुसतं '१०० पट' लिहिलं आणि फोटो पानात बसवायला लहान केला की तो आकडा खोटा होतो. पट्टी मात्र फोटोबरोबरच लहान होते. आणि लॅबमधले फोटो एकमेकांना व्हॉट्सॲपवर पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर छपाईत ते धूसर येतात.

गाईड, मराठी आणि छपाई

गाईड वर्ड फाइल मागून ट्रॅक चेंजेसमध्ये दुरुस्त्या देणारे असतील तर लॅटेकचा हट्ट धरू नका. त्यांची सोय महत्त्वाची. पण माझ्या पाहण्यात बहुतेक सर-मॅडम प्रिंटवर लाल पेनानेच लिहितात, आणि तिथे दोन्ही सारखेच.

सारांश मराठीतही द्यायचा असेल तर वर्डमध्ये युनिकोड टाइप केलं की काम झालं. डीटीपीवाल्याकडून जुन्या श्रीलिपी फॉन्टमध्ये करून घेतलेला मजकूर मात्र दुसऱ्या कॉम्प्युटरवर निरर्थक अक्षरांत दिसतो, तो घेऊ नका. लॅटेकमध्ये मराठीसाठी कंपायलर (पीडीएफ बनवणारा प्रोग्रॅम) झीलॅटेक किंवा लुआलॅटेक करावा लागतो आणि देवनागरी फॉन्ट सांगावा लागतो. जमतं, पण अर्धा दिवस धरा.

ओव्हरलीफ ही ब्राउझरमध्येच लॅटेक लिहायची साइट. तिच्या फुकट खात्यात सहकाऱ्यांच्या संख्येवर आणि कंपाइलच्या वेळेवर मर्यादा आहे. मोठे फोटो भरपूर असतील तर कंपाइल अर्ध्यात थांबतं. फोटो आधी लहान करा, किंवा एकाच्या लॅपटॉपवर मिकटेक (लॅटेकचं सॉफ्टवेअर) टाकून शेवटची जोडणी तिथे करा. डॉक्युमेंट क्लास (लॅटेकमधला मांडणीचा मूळ साचा) 'रिपोर्ट' घ्या. 'बुक' घेतलात तर तो दोन्ही बाजूंच्या छपाईसाठी समास आलटून-पालटून देतो आणि चॅप्टर उजव्या पानावर सुरू करण्यासाठी कोरी पानं घालतो. एका बाजूला छापलेल्या ब्लॅक बुकात (बाइंड केलेल्या रिपोर्टात) मग दर दुसऱ्या पानाचा डावा समास बाइंडिंगमध्ये जातो.

एकट्याने किंवा दोघांनी, तीसेक पानांचा रिपोर्ट, तक्ते जास्त आणि सूत्रं कमी, तर वर्ड पुरेसं आहे, अगदी चांगलं आहे. सबमिशन आठवड्यावर आलं असेल तरीही जे चालू आहे तेच ठेवा. पण सेमिस्टर आत्ताच सुरू झालं असेल, ग्रुप चौघांचा असेल आणि त्यातल्या एकाला तरी कोडिंगची सवय असेल, तर मी लॅटेककडे झुकेन. सुरुवातीचे आठ-दहा दिवस जड जातात, नाकारत नाही. त्यात पहिलं काम हे करा: रिकामे पाच चॅप्टर, प्रत्येकात एक आकृती, एक तक्ता, एक संदर्भ, आणि मध्ये एक आडवं पान असा सांगाडा कंपाइल करून घ्या आणि त्याची प्रिंट गाईडना दाखवून समास, शीर्षकं, पानक्रमांक मंजूर करून घ्या. मजकूर त्यानंतर भरा.

छपाईला दोन्हींत पीडीएफच न्या. राजारामपुरीतल्या झेरॉक्सच्या दुकानात वर्ड फाइल उघडली आणि तिथे तुमचा फॉन्ट नसला की ओळी सरकतात आणि अनुक्रमणिकेतले पानक्रमांक चुकतात. प्रिंट देताना 'ॲक्च्युअल साइझ' निवडायला सांगा. 'फिट' ठेवलं तर पान थोडं आक्रसतं आणि मंजूर झालेला दीड इंच समास कागदावर दीड इंच राहत नाही. सगळ्या प्रती काढायच्या आधी एकच पान काढून पट्टीने मोजा.